वायफायचा डबा घरात ठेवावा कुठे?

रेडिओसमोर बसलेल्या, भाकऱ्या थापता थापता ऐकणाऱ्या, रानात खुरपताना फोनवर लावून ऐकणाऱ्या सगळ्या ताई-मावशींना आम्हा सहयोगिनींचा नमस्कार.

आजचा विषय बचतीचा नाही, कर्जाचाही नाही. पण त्यात पैसे वाया जातात, म्हणून तो गटाच्या बैठकीत आला आणि तिथून इथे आणला. विषय आहे वायफायचा डबा. त्याला कुणी राउटर म्हणतं, कुणी मॉडेम, कुणी नुसतं ‘नेटचं मशीन’. तो घरात कुठे ठेवायचा, एवढाच प्रश्न. ऐकायला किरकोळ वाटतो. आम्हालाही वाटला होता.

आमची चूक आधी सांगतो

आमच्या एका गटातल्या ताईंनी गेल्या वर्षी घरी वायफाय घेतलं. मुलगी बारावीला. ताई स्वतः गटाच्या सचिव. गटाच्या नोंदी आता लोकॉस ॲपवर जातात, त्यासाठी फोनचं काम वाढलेलं. शिवाय गटाची शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी विकायची, तर गिऱ्हाइकाला फोटो पाठवायचे, पैसे आले का ते बघायचं. महिन्याला ५०० रुपयांचा प्लॅन ठरला. निम्मे मालकांचे, निम्मे ताईंच्या चटणीच्या पैशांतून.

जोडणीवाला माणूस आला तेव्हा ताई रानात होत्या. घरी सासरे. वायर पुढच्या दारातून आली आणि सोप्यातच डबा बसला. नातवंडं हात लावतील, पाडतील, म्हणून सासऱ्यांनी तो लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आणि वायर जाईल एवढी फट ठेवून दार लोटून घेतलं. त्यांच्या हिशोबाने बरोबरच होतं. महागाची वस्तू कपाटातच ठेवतात.

पुढे काय झालं? कपाटाच्या फटीतून जे काही बाहेर यायचं ते ओट्याकडे जायचं. माजघरात एखादी रेघ दिसायची, स्वयंपाकघरात तीही नाही. ताई नोंदी भरायला ओट्यावर यायच्या. मुलगी रात्री जेवणं झाल्यावर फोन घेऊन ओट्यावर अभ्यासाला बसायची, कारण शिकवणीचे व्हिडिओ तिथेच नीट चालायचे. गावात बोलणारी तोंडं असतातच. ‘पोरगी रात्री दहाला फोन घेऊन बाहेर बसते’ हे वडिलांच्या कानावर गेलं आणि रात्री आठनंतर फोन बंद झाला.

ताईंनी आम्हाला विचारलं तेव्हा आम्ही सल्ला दिला, ‘मोठा प्लॅन घेऊन बघा.’ त्यांनी ७०० रुपयांचा घेतला. चार महिने जादाचे २०० रुपये गेले, म्हणजे ८०० रुपये. आमच्या गटाची बचत महिन्याला १०० रुपये आहे. आठ महिन्यांची बचत आमच्या एका अर्ध्या कच्च्या सल्ल्यात गेली, आणि माजघरात नेट आलं नाही ते नाहीच. शेवटी ताई बैठकीत हळूच म्हणाल्या, ‘वायफाय काढूनच टाकतो म्हणताहेत.’ तेव्हा आम्ही जागे झालो. माहिती घेतली, डबा बसवणाऱ्या कारागिराशी बोललो, आणि मग त्यांच्या घरी जाऊन खोलीखोलीत फोन घेऊन फिरलो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

कंदील कुठे टांगत होतो, आठवा

घरात लाईट नव्हती तेव्हाची गोष्ट आपल्यातल्या थोरल्या बायकांना आठवत असेल. घरात कंदील एकच. तो सोप्यात ठेवला तर स्वयंपाकघरात अंधार, चुलीपाशी ठेवला तर सोप्यात अंधार. मग आजी तो माजघराच्या दाराच्या चौकटीला, डोक्याच्या वर खिळ्याला टांगायची. दोन्हीकडे उजेड पडायचा. कंदील कपाटात ठेवून दार लावलं असतं तर तिला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

वायफायचा डबाही एक प्रकारचा दिवाच आहे. तारेतून किंवा काचेच्या दोऱ्यातून, म्हणजे फायबरमधून, नेट डब्यापर्यंत येतं. डब्यापासून आपल्या फोनपर्यंत ते लहरींनी येतं. या लहरी रेडिओच्या लहरींच्याच जातीच्या. डोळ्यांना दिसत नाहीत, पण उजेडासारख्याच चहूकडे पसरतात, लांब जातील तशा क्षीण होतात, आणि काही वस्तूंना अडतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरींची ताकद चौथाईवर येते. भिंती मध्ये आल्या की त्याहून कमी.

उजेडात आणि या लहरींत एक फरक आहे. उजेड भिंतीतून अजिबात जात नाही. या लहरी भिंतीतून थोड्याफार जातात. किती जातात ते भिंत कशाची आहे यावर ठरतं. जागा ठरवताना निम्मं लक्ष इथेच द्यायचं.

आपल्या घरात लहरींना काय अडतं

लाकडी दार, कापडी पडदा, पातळ फळी यांतून लहरी सहज जातात. विटांची एकपदरी भिंत बरंच खाते, पण पलीकडे कामापुरतं उरतं. सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आणि खांब जास्त अडवतात, कारण आत लोखंडी सळ्या असतात. आपल्या माणदेशातल्या धाब्याच्या घरांच्या दगडमातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या याच भिंती वायफायला फार जड जातात. अशा दोन भिंती मध्ये आल्या तर पलीकडे काही येईल अशी आशा धरू नका. पावसाळ्यात मातीची भिंत ओल धरते तेव्हा आणखी कमी येतं, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. म्हणून भरलेला रांजण, पाण्याची टाकी यांच्या मागे डबा ठेवू नये.

सगळ्यात वाईट म्हणजे पत्रा. लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, फ्रिज, पत्र्याची पेटी, भांड्यांची स्टीलची मांडणी, मोठा आरसा, पत्र्याची भिंत यांवर लहरी आपटून मागे फिरतात. बारीक छिद्रांची लोखंडी जाळीसुद्धा अडवते. नेहमीच्या वायफायच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते, आणि त्याहून पुष्कळ बारीक छिद्रांची जाळी तिला जवळजवळ भिंतीसारखीच. उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी मारलेल्या खोलीत रेंज का येत नाही, ते यावरून कळेल.

एक जागा आम्हाला बऱ्याच घरांत दिसली, ती म्हणजे कोनाडा. दिवा ठेवायची देवळी आहेच, डबा तिथे छान बसतो असं वाटतं. पण कोनाड्यात डब्याच्या तीन बाजूंना जाड भिंत येते आणि लहरी फक्त समोर जातात. मागच्या खोलीला काही मिळत नाही. टीव्हीच्या पाठीमागेही तेच. टीव्हीच्या आत धातूचा पत्रा असतो आणि डबा त्याच्या आडोशाला जातो.

आणि आपण माणसंही अडवतो. आपल्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच. वीस बायका बैठकीला बसल्या आणि डबा जमिनीवर असला, तर मागे बसलेल्या बाईला रेंज कमी मिळते. डबा उंच असावा तो यासाठी.

आधी ओळखा, खराबी कुठे आहे

नेट चालत नाही म्हटलं की आपण दोन वेगळी दुखणी एकच समजतो. एक दुखणं बाहेरच्या लाईनचं, दुसरं घरातल्या जागेचं. औषध वेगवेगळं आहे.

ओळखायची रीत सोपी. फोनचा मोबाईल डेटा बंद करा. हे विसरू नका, नाहीतर फोन गुपचूप टॉवरचं नेट वापरतो आणि आपल्याला वाटतं वायफाय चालतंय. मग डब्यापासून चार-पाच पावलांवर, मध्ये काही आडोसा नसताना उभ्या राहा आणि एखादा व्हिडिओ लावा. तिथेही अडकत असेल तर दुखणं लाईनचं आहे किंवा प्लॅनचं. डब्यावर लाल दिवा लागला असेल तर बहुतेक वेळा बाहेरची फायबर तुटलेली किंवा निसटलेली असते. तेव्हा डबा हलवून उपयोग नाही, जोडणीवाल्याला फोन करायचा.

पण डब्याजवळ झकास चालतंय आणि स्वयंपाकघरात अडतंय, तर दुखणं जागेचं आहे. अशा वेळी मोठा प्लॅन घेऊन काहीही होत नाही. मोठा प्लॅन म्हणजे विहिरीवर मोठी मोटार बसवणं. पाईप मध्येच दबला असेल तर मोटार कितीही मोठी असो, शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. आमचं चुकलं ते इथे. डब्याजवळ उभं राहून बघायचं आम्हाला सुचलंच नाही.

घरभर फिरून मोजणी

आता मोजणी. शिवारात पाणी कुठे मुरतं ते आपण फिरूनच बघतो, तसंच हे.

एक कागद घ्या. त्यावर घराच्या पाच जागा लिहा: सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मुलं अभ्यासाला बसतात ती जागा, आणि परडं किंवा शेड. प्रत्येक जागी उभं राहून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावा आणि दोन मिनिटं बोला. आवाज-चित्र स्वच्छ असेल तर बरोबरची खूण, तुटक असेल तर आडवी रेघ, बंद पडला तर फुली. दारं उघडी ठेवून एकदा आणि लावून एकदा बघा, कारण अभ्यास रात्री होतो आणि रात्री दारं लागलेली असतात. लोखंडी दार असेल तर फरक लगेच कळतो.

ज्यांना आकडाच हवा, त्यांच्यासाठी वायफायची ताकद मोजणारी फुकट ॲप मिळतात. त्यात आकडा उणे येतो, त्याला घाबरू नका. आपल्या भाषेत ते कर्जासारखं समजा, जितकं कमी तितकं बरं. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ ला अडखळायला लागतं. उणे ८५ म्हणजे नावापुरतं. आणि यात १० चा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. उणे ५० आणि उणे ८० यांत हजारपटीचं अंतर आहे. त्या ताईंच्या ओट्यावर उणे ६८ येत होतं आणि स्वयंपाकघरात उणे ८८.

ज्यांनी अजून वायफाय घेतलेलं नाही, त्यांच्यासाठी एक बिनपैशाची युक्ती. जिथे डबा ठेवावा असं वाटतं, तिथे एक फोन ठेवा आणि त्याचा हॉटस्पॉट चालू करा. दुसरा फोन त्याला जोडून घरभर फिरा. फोनचा हॉटस्पॉट साधारण डब्यापेक्षा कमजोर असतो. म्हणून हॉटस्पॉट स्वयंपाकघरापर्यंत पोचला, तर डब्याचं वायफाय पोचायला हरकत नाही. जागा बदलून तीन-चार ठिकाणी बघा. जोडणीवाला येण्याआधीच जागा ठरलेली असेल.

मग जागा कोणती?

मोजणी झाली की पुढचं सोपं आहे. चांगली जागा म्हणजे घराच्या मधली, मोकळी आणि उंचावरची. बहुतेक घरांत ती माजघराच्या दाराजवळ सापडते, जिथून सोपाही दिसतो आणि स्वयंपाकघराचं दारही. दार म्हणजे भिंतीतली मोकळी वाट. लहरी त्या वाटेने पलीकडे जातात. कंदिलाचा तो जुना खिळा अजून असेल तर तिथे बघा.

उंची साधारण पाच-सहा फूट, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्याइतकी. जमिनीवर नको आणि अगदी छताला चिकटूनही नको. वर पत्रा असेल तर मुळीच नको. बऱ्याच डब्यांवर किंवा त्यांच्या पुस्तिकेत ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालण्याची मर्यादा दिलेली असते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात बाहेरच पारा ४० च्या वर जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. डबा तापला की नेट मंदावतं, डबा आपोआप बंद-चालू होतो, आणि लवकर खराबही होतो. त्याच्या छिद्रांतून हवा खेळू द्या. धूळ बसते म्हणून आपण वर क्रोशाचा रुमाल घालतो, तो काढा. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसलं की पुरे. चुलीजवळही नको, धूर आणि तेलाची वाफ आत जाऊन बसते.

डब्याला शेपट्या असतात, त्या अँटेना. उभ्या अँटेनाभोवती लहरी कशा पसरतात? डोक्यावर घागर घ्यायला आपण चुंबळ करतो, तशा. आडव्या, गोल, चहूबाजूंनी. अँटेनाच्या बरोबर वर आणि बरोबर खाली कमी. एकाच मजल्याचं घर असेल तर अँटेना उभ्या ठेवा. माडी असेल तर एक उभी ठेवा आणि एक आडवी करा, म्हणजे वरच्यांनाही मिळेल. काही डब्यांना शेपट्या बाहेर दिसत नाहीत, त्या आत असतात. तो डबा कंपनीने जसा उभा किंवा आडवा ठेवायला सांगितला आहे तसा ठेवा.

बऱ्याच डब्यांतून वायफायची दोन नावं येतात, एक साधं आणि एक शेवटी ‘५जी’ लिहिलेलं. त्या ५जीचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही. साध्या नावाच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, त्या लांब जातात, भिंती जास्त सोसतात, पण वेग कमी. दुसऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या. वेग जास्त, पण भिंत आली की लवकर दमतात. डब्याच्या खोलीत बसून काम करणाऱ्याने ५ वापरावं, मागच्या खोलीतलीने २.४ वापरावं. नुसतं नाव बदलून अडचण सुटल्याची दोन घरं आम्ही पाहिली.

जोडणीवाला येतो तेव्हा घरात कोण असतं?

आता थोडं अवघड बोलतो. आम्ही दहा-बारा घरं पाहिली. बहुतेक ठिकाणी डबा सोप्यात किंवा घराला लागून असलेल्या दुकानात होता. जिथे गडीमाणसं बसतात तिथे. मुद्दाम कुणी केलेलं नसतं. जोडणीवाला पुढच्या दाराने येतो, विचारतो ‘मालक आहेत का?’, मालक म्हणतात ‘लाव इथंच’, आणि तो लावून जातो. त्याला पुढच्या घरी जायची घाई असते आणि जवळ लावलं की त्याची वायर वाचते. पण त्या एका मिनिटात पुढच्या काही वर्षांचं ठरून जातं की घरात नेट कुणाला बसल्या जागी मिळणार आणि कुणाला हातातलं काम टाकून बाहेर यावं लागणार.

घरात सगळ्यात जास्त तास आपण कुठे असतो? स्वयंपाकघरात, माजघरात, मागच्या परड्यात. योजनेची ई-केवायसी करायची, बँकेचा ओटीपी बघायचा, ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलायचं, मुलांच्या शाळेचा निरोप वाचायचा, ही कामं आपली. डॉक्टरांशी बोलायला ओट्यावर बसावं लागलं तर बाई काय बोलणार? दुखणं पोटातलं असेल तर ती तसंच पोटात ठेवते. म्हणून जागा ठरवताना घरातल्या बाईला विचारलं पाहिजे, आणि कुणी विचारलं नाही तर आपण सांगितलं पाहिजे.

त्यासाठी जोडणीच्या दिवशी घरी थांबा. एका दिवसाचं खुरपण मागे पडेल, पडू द्या. जागेवर खडूने खूण करून ठेवा. तिथे लाईटचा बोर्ड आहे का बघा. नसेल तर आधी वायरमनकडून पॉइंट काढून घ्या. आणि माणसाला सांगा, ‘दादा, वायर इथवर आणा. जादा वायरीचे पैसे किती होतील ते आधी सांगा.’ एकदाच थोडे जास्त पैसे गेले तरी ते दर महिन्याच्या मोठ्या प्लॅनपेक्षा स्वस्त पडतं.

फायबर म्हणजे आत केसासारखा काचेचा दोरा. ती दुमडायची नाही. वाटीच्या काठापेक्षा आवळ वळण द्यायचं नाही, खिळा ठोकून दाबायची नाही. तुटलेल्या टोकाकडे डोळा लावून बघायचं नाही, आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. डबा दुसऱ्या खोलीत हलवायचा असेल तर फायबर आपण ओढू नये, माणसाला बोलवावं.

मोठं घर, माडी, मागची शेड

काही घरं लांबच लांब असतात, किंवा मसाल्याचं, पापडाचं काम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. तिथे एका डब्याने भागत नाही. दोन उपाय आहेत.

पहिला, पहिल्या डब्यापासून लॅनची वायर ओढून शेडमध्ये दुसरा डबा बसवायचा. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते, आणि तिच्यातून नेट भिंती-पत्रे ओलांडून जसंच्या तसं जातं. घरात जुना राउटर पडून असेल तर कारागीर तोच यासाठी लावून देऊ शकतो. कायमच्या कामाला हा उपाय पक्का.

दुसरा, रिपीटर नावाची छोटी डबी. ती पहिल्या डब्याचं ऐकते आणि पुढे सांगते. लोक इथे चूक करतात. जिथे नेट अजिबात येत नाही तिथे नेऊन ती लावतात. तिलाच ऐकू आलं नाही तर ती पुढे काय सांगणार? रिपीटर मध्यावर, जिथे नेट अजून बऱ्यापैकी येतं तिथे लावायचा. त्यातून वेग बराच कमी होतो, साध्या रिपीटरमधून निम्म्यावर येतो, हे धरून चाला.

दोन शंका, ज्या नेहमी येतात

पहिली शंका सासूबाईंची: ‘त्या लहरींनी लेकराला काही होईल का?’ शंका विचारणं चांगलंच आहे. घरातल्या डब्याची लहरी सोडण्याची ताकद साधारण एक दशांश वॅट असते. आपला एलईडी दिवा ९ वॅटचा. एवढ्या कमी ताकदीच्या लहरींनी आजार होतो असं आजवरच्या अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. तरी पाळण्याशेजारी डबा ठेवू नका. तिथे लेकरू वायर ओढेल, डबा अंगावर पडेल, हा धोका जास्त खरा आहे. आणि लांब गेलं की लहरी भराभर कमी होतात हे वर सांगितलंच.

दुसरी शंका लाईटीची. लाईट गेली की डबा बंद, हे खरं. डब्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना डब्याच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर दुकानदाराला दाखवा, ते जुळले पाहिजेत. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की डब्याची पिन बोर्डातून काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

त्या घरी आता

त्या ताईंच्या घरी आम्ही रविवारी गेलो होतो. सासऱ्यांना ‘तुम्ही चुकलात’ असं म्हटलं नाही. त्यांच्याच हातात फोन दिला आणि व्हिडिओ चालू ठेवून कपाटाचं दार लावायला सांगितलं, मग उघडायला सांगितलं. त्यांनी तीनदा करून बघितलं. नंतर तेच म्हणाले, ‘हे तर कणगीत कंदील ठेवल्यासारखं झालं.’ कपाटामागे फायबरचं वेटोळं तसंच पडून होतं. दोन दिवसांनी माणूस आला आणि डबा माजघराच्या दाराशेजारी फळीवर बसला. नातवंडांचा हात पोचत नाही एवढ्या उंचीवर.

प्लॅन परत ५०० वर आला. स्वयंपाकघरात उणे ६६ येतं. ताई भाकरी झाल्यावर तिथेच पाटावर बसून नोंदी भरतात. मुलगी माजघरात आजीच्या अंथरुणाशेजारी बसून अभ्यास करते. आजी मध्येच विचारते, ‘हा माणूस किती वेळ बोलतोय गं?’ आठनंतरचा फोन पुन्हा सुरू झाला आहे. पण अभ्यासाचे चार महिने गेले ते गेले. ते आम्हाला लागून राहिलं आहे.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत हप्ता आणि बचत झाल्यावर दहा मिनिटं यासाठी काढा. जिच्या घरी बैठक आहे तिच्याच घरी पाच जागांची मोजणी करून बघा, म्हणजे सगळ्यांना रीत कळेल. आणि वायफायचा पासवर्ड घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे का, तेही एकमेकींना विचारा. आमच्या बैठकीत विचारलं तेव्हा बारापैकी पाच जणींना तो माहीत नव्हता. कागद जपून ठेवा, पुढच्या महिन्यात आम्ही येऊ तेव्हा बघू.

नमस्कार.